वयनींची दुसरी ओळ

"सगळी धड हायत ना?"

एवढं विचारल्याशिवाय वयनी मला पानाला हात लावू देत नसत. पानवेलीत चपला घालून जात नाहीत, म्हणून मी कुंपणापाशी चपला काढून आत शिरायचो, आणि वयनी वेलीआडून मान काढून हे विचारायच्या. उत्तर मिळेपर्यंत पान खुडणारा त्यांचा अंगठा थांबलेला असे. मी म्हणायचो, "आहेत, सगळी धड आहेत." मग त्या श्वास सोडायच्या आणि आमचं पानाच्या भावावरून भांडण सुरू व्हायचं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भेटल्यावर सगळ्या गावाची खुशाली विचारतात आणि आपण त्यांना भोळं समजतो. मीही वयनींना भोळं समजत होतो. तो प्रश्न भीतीचा होता, हे मला दोन वर्षांनी कळलं.

गोष्ट साठ-एकसष्टच्या सुमाराची आहे. मी घाटावरचा. सफाळे स्टेशनात दुसऱ्यांच्या पानाच्या करंड्या डोक्यावर वाहत होतो. चार पैसे जमल्यावर स्वतः पान घ्यायला लागलो, तर एडवणचे वाडीवाले मला दारात उभं करीनात. त्यांचे व्यापारी बापजाद्यांपासून ठरलेले. फक्त एका वाडीत ते व्यापारी दुपारी उशिरा जात. सकाळी पहिलं तोंड विधवेचं नको म्हणून. ती वाडी वयनींची. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. सगळं गाव वयनी म्हणे, म्हणून मीही म्हणायचो.

मी सकाळीच गेलो. माझ्या चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला होता. वयनींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "या शेट. चप्पल शिवून झाली की मोटार घ्या." तेव्हापासून मी शेट. पुढे खरोखर शेट झालो तरी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकताना सुतळीच आठवायची.

पान खुडताना आणि जुड्या लावताना त्या सारखं काहीतरी पुटपुटत. मला वाटायचं, मोजतायत. मग संशय आला की मोजण्यात गोम आहे, कारण ओठ भराभर हलत आणि हात सावकाश. एकदा मी रागानं सगळ्या जुड्या सोडून पुन्हा मोजल्या. एक पान कमी नव्हतं. वयनी वेलीला टेकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शेट, आता बांदून पन द्या." भर उन्हात मी सगळ्या जुड्या पुन्हा बांधल्या. बांधता बांधता त्यांचं पुटपुटणं नीट ऐकू आलं. आकडे नव्हते ते.

'वासरू हुंगी ओंजळ, त्याला ठाव जानार कोन.'

ही एकच ओळ त्या दहा तऱ्हांनी म्हणून बघत होत्या.

महिन्याभरानं केळव्याला एका लग्नात हळदीच्या वेळी तीच ओळ मला ऐकू आली. लग्नात गाणी म्हणणाऱ्या बाईला तिकडे धवलारीण म्हणतात. ती एडवणची धवलारीण उजव्या कानावर हात ठेवून गात होती, आणि नवरीची आई पदर तोंडात धरून रडत होती. त्यांच्या गोठ्यात त्या सालचं वासरू होतं. मी हिशेबाचा माणूस. जोडायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी वयनींना म्हटलं, "तुमचं गाणं फार गाजलं काल."

त्यांच्या हातातली जुडी खाली पडली. चेहऱ्यावरचं रक्त उतरणं मी ऐकून होतो. त्या दिवशी पाहिलं. पानं तशीच पायाशी पडू देऊन त्या म्हणाल्या, "शेट, ह्या कानात पडला तो कानातच राऊ दे. मी राँड बाई हाय."

तुम्हाला समजलं असेल, तरी सांगतो. विधवेनं हळदीच्या मांडवाकडे फिरकायचंही नाही, अशी त्या काळची रीत. आणि तिथे अर्ध्या किनाऱ्यावरच्या मुली विधवेच्या शब्दांनी सासरी जात होत्या. हे बाहेर फुटलं असतं तर प्रत्येक मेलेल्या नवऱ्याचा आणि प्रत्येक परत आलेल्या लेकीचा दोष त्यांच्या माथी बसला असता. पाण्याचा पाट सामाईक, खुडायला येणाऱ्या बाया गावातल्या. त्यांची वाडी महिन्यात वाळली असती.

मी कुणाला सांगणार नाही म्हटलं. तसं धमकावलंही नाही. पण त्या दिवसापासून वयनींनी माझ्याशी घासाघीस सोडली. मी भाव सांगायचा, त्यांनी मान हलवायची. पहिल्या आठवड्यात मला बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं. त्या मला भीत होत्या. शेवटी मीच ओरडलो, "वयनी, भांडा. नाहीतर मी पान नेत नाही." त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "एवडा कमी भाव सांगताना लाज कशी वाटली नाय?" मी आनंदानं भाव वाढवला. धंद्यात असं मी पुन्हा कधी केलं नाही.

मग त्या बोलायला लागल्या. बाविसाव्या वर्षी नवरा गेला. अक्षर येत नव्हतं. धवलारीण लहानपणची मैत्रीण. ती पान खुडायला यायची आणि गाणं कानानं घेऊन जायची. गळा त्या बाईचा, शब्द यांचे. तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, गाणं सुचतं कसं?

"पयली ओळ फुकट येते शेट. दुसरीला जीव जातो." आणि एकदा म्हणाल्या, "सोना-चांदी घातला की समजायचा, करनारीला काय सुचला नाय."

मी गावोगाव फिरणारा. कुठे लग्न ठरलं की मी त्या घराची माहिती आणायचो. वयनींना दागिने, देणंघेणं यात रस नसे. त्या विचारत, दारात झाड कसला? पोरगी पानी कुठल्या येळेला भरते? बापाशी बोलते का नाय? आणि लग्न झाल्यावर विचारत, "बायका कुटं गप झाल्या?" टाळ्या, कौतुक काही विचारत नसत. मी सांगायचो, अमक्या ओळीला. त्या पान खुडायची लोखंडी नखी अंगठ्यातून काढून बोट चोळत बसायच्या. स्वतःचं एकही गाणं त्यांनी मांडवात बसून ऐकलेलं नव्हतं.

"सगळी धड हायत ना?" ह्याचा अर्थ मला तेव्हा कळला. ज्यांची लग्नं त्यांच्या गाण्यांवर लागली ती सगळी जोडपी. एक दिवस हळूच म्हणाल्या, "शेट, खराच लागत असल का वो माझा?" मी हसण्यावारी नेलं. त्या हसल्या नाहीत.

आता माझी चूक सांगतो.

एडवणातच एका बड्या वाडीवाल्याच्या पुतण्याचं लग्न होतं. मी आहेर घेऊन गेलो, तर मला मांडवाबाहेर गाडीवानांच्या पंगतीत बसवलं. आतून गाणं ऐकू येत होतं. त्यातला दारचा पांढरा चाफा मी वयनींना सांगितलेला, म्हणून मी मान डोलावत होतो. नवऱ्या मुलाचा काका तिथून जात होता. तो म्हणाला, "घाट्या, तुला काय कलते आमची गानी?"

माझं डोकं फिरलं. चार वर्षं ह्या लोकांच्या दारात उभा राहिल्याचा राग एकदम वर आला. मी म्हणालो, "ज्या गाण्यावर नाचताय, ते तुमच्या गावातल्या एका विधवेनं केलंय."

काका मांडवात निघून गेला. माझा राग तिथेच उतरला. वयनींना मी काहीच सांगितलं नाही.

अठरा दिवसांनी तो नवरा मुलगा माडावरून पडला. बेशुद्धीतच त्याला पालघरच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी काका चार माणसं घेऊन माझ्या खोपटात आला. कोण ती विधवा, एवढंच त्यानं विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगतो. तो म्हणाला, "उद्या दुपारी देवीच्या आवारात सांग. गावातल्या सगळ्या राँडांना उभ्या करतो."

सकाळी वयनींकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. त्या शिव्या देतील, माती फेकतील असं वाटलं होतं. त्या खाली बसल्या, वेलीचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "पोर शुद्धीवर आला?"

"नाही."

"मग माझाच लागला त्याला."

मी म्हणालो, असं काही नसतं. त्या म्हणाल्या, "तुमाला काय म्हाईत? तुमी पान विकता."

दुपारी देवीच्या आवारात सगळं गाव होतं. भिंतीला लागून आठ विधवा उभ्या केल्या होत्या. सगळ्यांत थोरली तर नव्वदीची; काठीनं उभी होती आणि तिला काही समजत नव्हतं. वयनी पाचव्या. मान खाली, पदर ओढलेला, पण पायाची बोटं जमीन धरून ठेवल्यासारखी वळलेली दिसत होती. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो, पण ते भावाचं. देवीसमोर कधी नाही. घरी दोन लेकरं होती.

काका म्हणाला, "बोल. कोन?"

मी देवीकडे हात केला आणि म्हणालो, "कुणी नाही. रागात तुम्हाला झोंबेल ते बोललो. गाणी मी करतो. लेकरांची शपथ."

लोक हसले. काका हसला नाही. "बाप्या मानूस बायकांची गानी करतो?"

"म्हणून तर लपवलं. लाज वाटते."

त्यानं धवलारणीला पुढे बोलावलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं नाही, आणि म्हणाली, "शेटच देतात."

"मग आता नवीन म्हन," काका म्हणाला. "इथं. आमच्यासमोर."

मला काही येत नव्हतं. मग गेले आठ दिवस वयनी वेलीत जी ओळ घोळवत होत्या ती आठवली. त्यांना तिची जोड सापडत नव्हती. ती ओळ मी म्हटली.

'दारी पांगारा फुलला, लेक निघाली पाव्हनी.'

आवार गप्प झालं. एका बाईनं डोळ्याला पदर लावला. पण सगळे पुढच्या ओळीची वाट बघत होते, आणि ती नव्हतीच. मी डोळे मिटून जे सुचलं ते ठोकून दिलं.

'सोन्याची तिची साडी, चांदीची तिची पैंजनी.'

डोळे उघडले तर वयनी माझ्याकडे बघत होत्या. मी शपथ घेतली तेव्हा त्यांचा चेहरा हलला नव्हता. माझ्या दुसऱ्या ओळीला हलला. चिमटा काढल्यावर हलावा तसा.

धवलारणीनं दोन्ही ओळी चालीवर घेतल्या. लोकांना पटलं. काका म्हणाला, "घाट्या, तुझ्यात असला काय असेल असा वाटला नव्हता." विधवांना घरी जायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो मुलगा शुद्धीवर आला. एक पाय आखूड राहिला, पण जगला.

मी शुक्रवारी वाडीत गेलो. मनात म्हणत होतो, वयनी निदान पाणी तरी देतील. त्यांच्या करंड्या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या गाडीत चढत होत्या. तो गेल्यावर मी ओरडलो. तुमच्यासाठी देवीसमोर खोटी शपथ घेतली, लेकरांच्या डोक्यावर घेतली, आणि हे फळ?

वयनी शांतपणे म्हणाल्या, "तुमीच उघडा केला, तुमीच झाकला. मधी माझा काय राहिला?" मग नखी काढून पदरात बांधली. "गानी आता तुमची हायत. सांबाला."

माझ्याशी त्या बोलल्या ते एवढंच. पुढच्या पावसाआधी त्यांनी वाडी भावकीत देऊन टाकली आणि घिवलीला भाच्याकडे राहायला गेल्या. माझा राग अजून गेलेला नाही. जीव वाचवला त्याची काहीच किंमत नाही का, असं मी कितीदा स्वतःशी भांडलो आहे. त्यांनी एक शिवी दिली असती तरी सौदा पुरा झाला असता. ती त्यांनी दिली नाही.

एडवण-केळव्याचे लोक मला मांडवात पुढे बसवू लागले. गाणी मागायला येत. मी धंद्याचं कारण सांगून टाळायचो. घरात कुणी आजारी पडलं की मला देवीचं आवार आठवायचं. बायकोला हे कधी सांगितलं नाही.

दशकाच्या शेवटी, किनाऱ्यावर वीजघराचं काम जोरात होतं तेव्हा, बोईसरजवळ एका ओळखीच्या लग्नाला गेलो. एडवणचे काही पाहुणे तिथे होते. त्यांनी मला ओढून पहिल्या रांगेत बसवलं आणि आजूबाजूला सांगितलं, हे गाणी करतात. धवलारीण तिकडचीच कुणी तरुण बाई होती. तिनं हळदीला सुरुवात केली.

'भोंगा वाजला गो माये, जागी झाली सारी आळी,
माझ्या नावानं हाक कोनी मारली नाय सकाळी.'

वीजघराच्या कामावरचा भोंगा घिवलीला, वयनींच्या भाच्याच्या गावाला, ऐकू जातो. एडवणला जात नाही.

मांडवातल्या बायका गप्प झाल्या. कोणत्या ओळीला झाल्या ते मी नीट पाहून ठेवलं, पण सांगायला कुणी नव्हतं. शेजारचे एडवणकर कानाशी वाकून म्हणाले, "शेट, नवीन केलात?" पलीकडून आणखी दोघांनी माझ्याकडे पाहून कौतुकानं माना डोलावल्या. मी हो म्हणालो, आणि गाणं संपेपर्यंत मान डोलावत राहिलो.