कांताचे बाबा आणि माझा संत अँथनी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – फादरसमोर कन्फेशनला गुडघे टेकले तेव्हाही नाही. आज सांगते आहे.

संत अँथनी माझा लाडका. हरवलेलं शोधून देणारा! चष्मा, किल्ल्या, एकदा तर नवऱ्याची गेलेली नोकरी – काय नाही मागितलं त्याच्याकडे? दर मंगळवारी सदर भागातल्या चर्चमध्ये त्याच्या प्रार्थनेला जायचं म्हटलं, की सकाळपासून अंगात लग्नघर संचारतं. अजूनही.

अशाच एका मंगळवारी शेजारच्या कांताने तिच्या वडिलांना माझ्याबरोबर धंतोलीला डॉक्टरकडे पाठवलं. तिला सुट्टी नव्हती. बाबांना विसर पडायचा – आपण जेवलो की नाही, बायको आहे की गेली. दवाखान्यात उशीर झाला. त्यांना आधी घरी सोडायला हवं होतं ना? मी ऑटो सरळ सदरला वळवला.

प्रार्थना सुरू झाली आणि बाबा मोठ्याने म्हणाले, "काहून आलो वं इथं? जेवाले देऊन राहिले का?"

माणसं वळून हसली. मला – कसं सांगू – त्यांची लाज वाटली. बाहेर फाटकाजवळच्या बाकावर त्यांना बसवलं आणि धावत आत आले. अँथनीपुढे! इतकी रंगून गेले, की बाबा आठवलेच नाहीत.

बाहेर आले तर बाक रिकामा.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. कांता फोनवर ओरडली, "कुठं सुटले वं?" आणि मी म्हणाले – धंतोलीत. औषधाच्या दुकानापाशी. गर्दी होती.

का? चर्चचं नाव घेतलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मग तिचे भाऊ, पोलीस, सगळे धंतोलीच्या गल्ल्या पालथ्या घालत राहिले. मीही त्यांच्याबरोबर हाका मारत फिरले – ते तिथे नाहीत हे माहीत असताना!

दिवेलागणीला फोन आला. बाबा भिवापूरला, आपल्या गावी! कुणाला तरी गावाचं नाव सांगून बसमध्ये बसले होते आणि बाजारात ओळखीच्या माणसाजवळ मिरच्यांचे देठ खुडत होते. आम्ही नाचलोच! कांताने मला मिठी मारली. "तुह्या अँथनीनंच आणून देलं वं माह्या बापाले!"

मी हो म्हणाले.

बाबा पुढे घरीच, झोपेत गेले. कांता बौद्ध घरातली. पण अँथनीच्या सणाला हौसेने माझ्याबरोबर येते. यंदा तिने मला सगळ्यांपुढे ढकललं – "सांग ना वं!" मी माईक घेतला. धंतोली, गर्दी, माझी प्रार्थना, भिवापूर – सगळं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मला आनंद झाला. अगदी खरा.