किल्लीची कार्डं

आमचे चारुदत्त भाऊजी, म्हणजे कालिंदीताईचे यजमान, स्वतःच्या सावलीवरही विश्वास ठेवत नसत. भवानीपूरच्या त्यांच्या दोन खोल्यांत मी कॉलेजसाठी राहत होते, त्यामुळे हे मी ठामपणे सांगू शकते.

चौऱ्याहत्तर साल असेल. बराकपूरकडच्या ज्यूट गिरण्यांतल्या कामगारांचे प्रॉव्हिडंट फंडाचे हिशेब तेव्हा हाताने लिहीत. ते भोकं पाडून पंच केलेल्या कार्डांवर चढवून कॉम्प्युटरमधून छापून काढायची पद्धत भाऊजी एकटे बसवत होते. मशीन भाड्याचं, आणि त्यावर वेळ मिळायचा तो लोडशेडिंगच्या मर्जीने. काम रंगात आलं की वीज जायची आणि भाऊजी घरी येऊन आमटीला नावं ठेवायचे.

कोणाच्या खात्यात किती आहे हे फुटलं की सावकार गिरणीच्या फाटकावर येऊन उभा राहतो, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून हिशेबाच्या कार्डावर नाव नाही, नुसता आकडा. कोणता आकडा कोणाचा, हे मशीनला सांगणारी कार्डांची गड्डी वेगळी. तिला ते किल्ली म्हणत. तिची दुसरी प्रत त्यांनी काढली नाही, कच्चे कागदही जाळून टाकले. प्रत म्हणजे चोराला आणखी एक दार, असं त्यांचं म्हणणं.

दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर मुंबईच्या मुख्य ऑफिसचे साहेब चाचणी बघायला येणार होते. जमलं तर भाऊजींची पद्धत लागू, नाहीतर सगळं काम मुंबईला. सुट्टीत ऑफिसच्या कपाटाचा भरवसा नाही, म्हणून गड्डी बिस्किटांच्या डब्यातून घरी आली.

"यात काय आहे हो?" ताईने विचारलं.

"माझं सगळं काम. कोणाला हात लावू देऊ नकोस, आणि जास्त विचारू नकोस."

खंडेनवमीला भाऊजी सकाळीच बाहेर गेले. रस्त्यावर पूजेचे ढाक-ढोल वाजत होते. ताईने पाटावर विळी, कात्री, माझी पुस्तकं मांडली आणि शेवटी तो डबा. बंद डब्याची कसली पूजा, म्हणून झाकण उघडलं. ओल्या बोटाने गंध, हळदकुंकू, वर एक फूल आणि मूठभर अक्षता. मीसुद्धा नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी फूल काढून तिने डबा होता तसा ठेवून दिला.

साहेबांना समजावण्याच्या नादात भाऊजींनी न बघताच गड्डी मशीनमध्ये घातली. गंधाने फुगलेलं पहिलंच कार्ड मशीनने चघळलं. मागची त्यावर चढली, मध्ये तांदूळ अडकले, आणि थांबवेपर्यंत निम्मी गड्डी फाटली.

"फारच सुरक्षित पद्धत आहे," साहेब म्हणाले. "तुमच्याही हाती लागत नाही." काम मुंबईला गेलं.

भाऊजींनी घरी येऊन कुंकवाचं कार्ड ताईपुढे आपटलं. "हे काय आहे?"

ताई घाबरली नाही. "तुम्हीच म्हणालात, सगळं काम यात आहे. मग पूजा त्याची नाही करायची तर कशाची?"

मला दोघांचाही राग आला होता. भाऊजी मात्र तिच्यासमोर येऊन बसले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. ऑफिसात आपण काय करतो हे त्यांनी ताईला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. आकडे, नावं, फाटकावरचा सावकार, सगळं. तिने पदराने कार्डावरचं कुंकू पुसत ऐकून घेतलं.

"एवढंच होतं," ती म्हणाली, "तर दुसरी प्रत माझ्याकडे का नाही ठेवलीत?"