बाबा झोपले आहेत

मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखात, आमच्या सौंसरच्या घरात फोन होता आणि त्याचा मला कायम राग होता. वडिलांनी तो संत्र्याच्या अडतीसाठी घेतला होता. वडील गेले, अडत बंद झाली, पण फोन बैठकीत तसाच राहिला. बहार आला की कुठले कुठले व्यापारी अजूनही विचारत, माल कसा आहे म्हणून. शिवाय अख्ख्या गल्लीचे फोन आमच्याकडेच यायचे. कोणाची सून बाळंत झाली, कोणाचा भाऊ पांढुर्ण्याहून निघाला, सगळं आमच्या बैठकीतून. घंटी वाजली की उचलायचा, समोरच्याला थांबवायचं आणि पळत जाऊन शेजारी हाक मारायची. हा फोन काढून टाकतो असं मी एकदा बोललो, तर गल्लीतल्या बायांनी माझ्या बायकोशी बोलणंच कमी केलं.

मी पांढुर्ण्याला नोकरीत होतो तोवर अडचण नव्हती. सकाळच्या बसनं जायचं, दिवेलागणीला परत. मग बढती मिळाली आणि बढतीसोबत राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचं बस्तर मिळालं. सरकारी खातं एका हातानं हार घालतं आणि दुसऱ्या हातानं गाडीत बसवून देतं. बायको रामाकोन्याच्या शाळेत शिक्षिका होती, तिची नोकरी सोडण्याचा प्रश्नच नव्हता. मुलगी आठ वर्षांची, तिची सकाळची शाळा. ती दुपारी घरी यायची, आतून कडी लावायची आणि आई बसनं परतेपर्यंत एकटी असायची. एकटी म्हणजे ती आणि तो फोन.

तिकडे मी एका खोलीत राहायचो. दिवसभर हिंदी बोलायचो, संध्याकाळी भात टाकायचो. जेवताना कधी कधी मुद्दाम मोठ्यानं मराठीत म्हणायचो, ‘मीठ कमी पडलं बरं का.’ कोणाला म्हणायचो कोण जाणे. रविवारी संध्याकाळी तारघरात जाऊन घरी ट्रंक कॉल लावायचा, एवढाच आठवड्यातला सण. तोही लागला तर. लागलाच तर खरखर इतकी, की निम्मा वेळ ‘हॅलो, ऐकू येते का’ यातच जायचा.

होळीला रजा घेऊन घरी आलो. जेवायला बसलो होतो, तर मुलगी सहज म्हणाली, “बाबा, ते काका विचारून राहिले होते तुम्ही कधी येता म्हणून.”

“कोन काका?”

“फोनवाले.”

बायकोनं वाढता वाढता हात थांबवला. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं. हळूहळू सगळं बाहेर आलं. एक माणूस बरेच दिवस दुपारचा फोन करत होता. पहिल्यांदा त्यानं संत्र्याचा भाव विचारला असावा. मग घरात कोण आहे, आई किती वाजता येते, बाबा कुठं असतात, एकटीला कंटाळा येत नाही का, असं विचारत गेला. पोरीनं सगळं खरं खरं सांगितलं होतं. आमच्या घरात खोटं बोललं की मार मिळायचा ना.

“तू काहून बोलत बसली त्याच्यासंग?” मी ओरडलोच.

“ते माझं आयकून घेतात,” ती म्हणाली.

भीती तर वाटलीच, पण त्या भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. कोणी परका माणूस माझ्या पोरीच्या शाळेतल्या गमती रोज ऐकत होता आणि मला त्यातली एकही ठाऊक नव्हती. मला त्याचा हेवा वाटला. असं वाटायला नको होतं, पण वाटलं.

एक्सचेंजमध्ये विचारलं, त्यांना काही सांगता आलं नाही. ठाण्यात जाऊन तरी काय सांगणार, कोणीतरी आमच्या मुलीशी गोड बोलतो म्हणून? आता मोबाईलवर लेकरांना कोण काय विचारतं या काळजीनं आयाबाया हैराण झालेल्या दिसतात. आमची काळजीही तीच होती, फक्त काळ्या रंगाची आणि वायरनं भिंतीला बांधलेली.

उरलेली रजा मी पोरीला तयार करण्यात घालवली. मी स्वयंपाकघरात उभा राहून अनोळखी माणूस व्हायचो, ती बैठकीत रिसीव्हर कानाला लावून बसायची. कोणीही बाबांना विचारलं तर म्हणायचं, ‘बाबा झोपले आहेत.’ घरात एकटी आहे हे कोणालाच सांगायचं नाही. गल्लीतल्या कोणाला बोलवायचं असेल तर म्हणायचं, अर्ध्या तासानं करा. पहिल्या दिवशी तिनं मला लगेच सांगून टाकलं की आई रामाकोन्याला गेली. मी चिडलो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मात्र ती पक्की झाली. मग मला आणखी चेव चढला.

“मी तुझा बाबा बोलून राहिलो,” मी आतून आवाज बदलून म्हणालो.

ती हसली. “बाबा, तुम्ही तं आत आहा.”

“आत्ता आहे. उद्या कोनीही म्हणंन मी बाबा. एक गोष्ट विचारायची, घरच्याले येईन अशी. नाही आली तं फोन ठेवून द्यायचा.”

“काय विचारू?”

“तू ठरव. मलेही सांगू नको.”

स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होतो. परतीच्या गाडीत रायपूरपर्यंत मला त्याचंच कौतुक वाटत होतं. पुढं बायकोनं सांगितलं की त्या माणसाचा फोन आला, पोरगी ‘बाबा झोपले आहेत’ म्हणाली, त्यानं पुन्हा एकदा करून पाहिला, पुन्हा बाबा झोपलेलेच. मग तो बंद झाला. तो कोण होता ते आजवर कळलं नाही.

पावसाळ्याच्या अखेरीस मला ताप आला. आठवडाभर खोलीत पडून होतो. शेजारचा माणूस सकाळी चहा ठेवून जायचा, बाकी दिवसभर छताकडे बघणं. त्या तापात मला एकाच गोष्टीची भूक लागली होती, घरच्या आवाजाची. जरा उभं राहता आलं तसा तारघरात गेलो. दुपार होती, बायको शाळेत असणार हे माहीत होतं. तरी कॉल बुक केला. पोरीशीच बोलू म्हटलं.

फोन लागला. तापानं घसा पार बसला होता.

“हॅलो, बाळा, तो फोनवाला नाही, मीच बाबा आहो.”

“बाबा झोपले आहेत,” ती खणखणीत आवाजात म्हणाली.

मला हसू आलं. “अगं, मीच बोलून राहिलो. बस्तरहून.”

“मंग सांगा, मले कोनती भाजी आवडत नाही?”

हे तर सोपं होतं. ताटाखाली लपवलेलं कारलं मीच कितीदा शोधून काढलं होतं. “कारलं,” मी म्हणालो.

“चूक. कारलं तं मी खाऊन राहिली आता.”

“थांब, थांब. वांगं? दोडकं?” मी भाज्यांची नावं घेत सुटलो. ती दोडकं खाते की नाही तेही मला माहीत नव्हतं. मग आणखी काहीतरी बोललो, काय ते आता आठवत नाही. तिनं फोन ठेवला. तारवाल्या बाबूनं विचारलं, बात हो गई? मी हो म्हणालो आणि पैसे दिले.

रविवारी ताप उतरला होता, घसाही मोकळा झाला होता. संध्याकाळी फोन लावला तेव्हा बायकोनं उचलला. आजाराचं मी तिला सांगितलं, दुपारच्या फोनचं नाही. मग पोरगी आली. ती कधीची वाट बघत उभी असावी, कारण हॅलो म्हणायलाही थांबली नाही.

“बाबा, तो मानूस परत आला होता फोनवर! तुमचं नाव घेऊन बोलून राहिला होता. मी त्याले भाजी विचारली, त्याले काहीच नाही आलं.”

“असं?”

“हाव. मंग तो रडाले लागला, बाबा. खरंच रडून राहिला होता. पन मी नाही फसली.”

खरखर वाढली होती. मी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

“शाबास,” मी म्हणालो. “असंच करायचं. कोनी रडलं तरी ठेवून द्यायचा.”