परबकाकूंचा निळा चहा

हे आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, देवापुढे बसूनही नाही. तुम्हाला सांगते — का, ते मलाही ठाऊक नाही.

मुलुंडला चौथ्या मजल्यावर आमचं घर. बाल्कनीत सकाळपासून ऊन. तिथल्या कुंडीत मी निळी गोकर्ण लावली. माती मी आणली, शेणखत मी घातलं, पाणी मी घातलं — आणि वेल गेला कुठे? शेजारच्या परबकाकूंच्या ग्रिलवर! फुलायचाही तिकडेच.

काकू पंच्याहत्तरीच्या, एकट्या राहायच्या. मुलगा महेश पवईला. "फुलां काढतंय हां गो!" असं रोज सकाळी पलीकडून ओरडायच्या आणि ओंजळभर फुलं तोडायच्या. कुणीतरी त्यांना मोबाइलवर दाखवलं होतं, गोकर्णीचा निळा चहा प्रकृतीला उत्तम. मग काय, आल्यागेल्याला चहा आणि मजलाभर काकूंचं कौतुक. माझ्या देवाला दोन फुलं मिळायची मारामार. एवढ्याशा गोष्टीचा राग येतो का माणसाला? मला आला. वर्षभर आला.

मग वेलावर मावा पडला. भावाने गावाहून कपाशीवर मारायचं औषध दिलं होतं. झाकण उघडलं तरी डोकं दुखायचं. ते अंदाजाने पाण्यात ओतलं आणि संध्याकाळी फवारलं — पलीकडेही, हात पुरेल तिथवर. हात धुताना आठवलं, काकूंना सांगायला हवं. दोन पावलांवर त्यांचं दार. आठवलं, आणि — कसं सांगू — मी हात पुसले आणि कुकर लावला. म्हटलं, बिघडू दे जरा पोट. खोड मोडेल.

सकाळी त्यांची हाक आली. "घ्या ना काकू," मी म्हटलं. एरवी मी उत्तरसुद्धा देत नसे.

दुपारी त्यांना उलट्या सुरू झाल्या, दरदरून घाम, तोंडातून लाळ. रिक्षा मीच केली. हॉस्पिटलात महेश धावत आला. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं यांनी? महेश माझ्याकडे वळला. "ताई, तुम्हाला काय माहितीये?"

मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी म्हटलं, "काल बाहेर पाणीपुरी खाल्लेली त्यांनी."

खाल्ली नव्हती. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि त्याच्यावरच औषधं सुरू केली. पुढचे दोन दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून होते. केव्हाही उठून सांगता आलं असतं ना? सांगितलं असतं तर त्या वाचल्या असत्या का, हे मी कुणाला विचारलेलं नाही. भीती वाटते — कुणी हो म्हणेल याची. तिसऱ्या दिवशी काकू गेल्या.

वेल अजून आहे. त्या महिन्यात तर असा बहरला की रस्त्यावरून लोक मान वर करून बघायचे. उपटला असता, पण मग कुणीतरी कारण विचारलं असतं.

तेराव्याला महेशने मला पहिल्या पंगतीत बसवलं. सगळ्यांसमोर म्हणाला, आईचं शेवटी या ताईंनीच केलं. त्याचे डोळे भरून आले होते. मी मान खाली घातली. बघणाऱ्यांना ते दुःख वाटलं असेल. मग वाढायला आले आणि मी जेवले. भात दुसऱ्यांदा मागून घेतला.