नईमाचा कोंडा आणि वहाबचा चष्मा

सारंगखेड्यातल्या निम्म्या दारांवर वहाबच्या हातचं फाटक आहे, आणि ते जोडताना त्याचा एकच डोळा उघडा होता हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. डावा मिटायचा, मान वळवायची आणि ठिणगी लावायची. वेल्डिंगची काळी काच दुकानात खिळ्याला टांगलेली असे, गिऱ्हाइकाने बघावी म्हणून. संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं की गडी घरी येऊन खाटेवर आडवा व्हायचा आणि डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायचा. या धंद्यातले बरेच जण हाच इलाज करतात. त्यापायी नईमाच्या घरी बटाट्याची भाजी कधी धड होत नसे.

गेल्या उन्हाळ्यात शहाद्याच्या डॉक्टरांनी त्याच्या उजव्या डोळ्यातून लोखंडाचा कण काढला. "पुढच्या वेळी डोळाच जाईल," ते म्हणाले. वहाब खो खो हसला. भीती वाटली की हसायचं, ही त्याची जन्माची खोड. नईमाला ती खोड चांगली माहीत होती.

म्हणून स्वयंपाकघराची मागची भिंत फोडायला त्याने कटर बाहेर काढला, तेव्हा ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. लग्न झाल्यापासून तिला तिथे खिडकी हवी होती बरं का! तरीही म्हणाली, "चष्मा नही, तं खिडकी नही. आनि आजपासून बटाटा भाजीसाठे शेतस, डोयासाठे नही."

वहाब कटर ठेवून रतिलालशेठच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. शेठने पहिलाच चष्मा पुढे केला तो पांढऱ्या काचेचा, दोन्ही बाजूंनी बंद. वहाबचं तोंड वाकडं झालं. "हाई तं घोडानी झापड शे!" दरवर्षी गावच्या यात्रेतल्या घोडेबाजारात झापडं लावलेले घोडे बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने स्वतः झापडं लावायची? त्याने सोनेरी काड्यांचा, बारीक काळ्या काचांचा झोकदार चष्मा उचलला. घरी येईपर्यंत वाटेतल्या एकाही मोटारसायकलचा आरसा त्याने सोडला नाही.

शेजारची तापीबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. "वहाबभाऊ, कोना लगीनले चालनात?"

नईमा पीठ चाळत होती. तिने नवऱ्याला न्याहाळलं, चाळणीतला मूठभर कोंडा घेतला आणि बाजूने सणसणीत फेकला. वहाब डोळे चोळत अंगणभर नाचला.

"कचरा काय दार ठोकीसन येस का?" नईमा म्हणाली. शिवाय त्या काळ्या काचेतून त्याला स्वयंपाकघरातली चूलसुद्धा दिसत नव्हती.

मग नईमाने फडक्यात कोंडा बांधला आणि नवऱ्याला घेऊन ती स्वतः दुकानात निघाली. तापीबाई मिरच्या तशाच टाकून मागोमाग आली, असला तमाशा कोण सोडतो? वहाबला स्टुलावर बसवलं. एक चष्मा चढवायचा, एक मूठ फेकायची. एका चष्म्यात नाकापाशी फट राहिली. दुसऱ्यात श्वासाची वाफ धरली. बाहेर माणसं गोळा झाली, जो तो सल्ला देऊ लागला. कोंडा तराजूत गेला, रंगाच्या उघड्या डब्यात गेला, शेठच्या मिशांत गेला.

शेवटी तीच झापडं आली. नईमाने उरलेला सगळा कोंडा दोन्ही हातांनी उधळला. वहाबची दाढी पांढरी, भुवया पांढऱ्या, डोळे मात्र कोरडे ठणठणीत!

"दिखस का?" नईमाने विचारलं.

"बठ्ठं दिखी ऱ्हायनं," वहाब म्हणाला. "शेठना राग बी."

"यात्रामा उभा करा यासले," तापीबाई म्हणाली, आणि शेठसुद्धा मिशा झाडत हसले.

दुसऱ्या दिवशी कटर भिंतीत शिरला. घर विटांच्या लाल धुळीने भरलं. काम अर्ध्यावर आलं असताना पातं अडकलं, तुटलं आणि टक्कन आवाज झाला. वहाब होता तिथेच मटकन खाली बसला.

"काय व्हयनं? लागनं का?" नईमा धावत आली.

त्याने चष्मा काढून तिच्या हातात दिला. उजव्या बाजूच्या झापडावर खोल ओरखडा होता, त्याच डोळ्यापाशी. काल घोड्याच्या झापडांना लाजून आणलेला तो सोनेरी चष्मा आज डोळ्यांवर असता तर? वहाबला हसू फुटलं. पोट धरून, धुळीत लोळून तो हसला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तरी थांबेना. नईमाने त्याचा गुडघा घट्ट धरून ठेवला. मग तीही हसत सुटली. भिंतीच्या फटीतून पलीकडे तापीबाईचा डोळा दिसला आणि दोघं आणखीच हसली.

संध्याकाळी खिडकी झाली. सवयीने वहाब खाटेवर आडवा झाला, डोळे मिटले आणि चकत्यांची वाट बघू लागला. चकत्या काही आल्या नाहीत. आला तो मोहरी तडतडल्याचा आवाज. उठून बघतो तर खिडकीतून चुलीवर उजेड पडला होता आणि घरातले सगळे बटाटे कढईत होते.

"डोया कसा शेतस?" ताट वाढताना नईमाने विचारलं.

वहाबने आणखी भाजी मागितली.