घर क्रमांक एकोणचाळीस

आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंवर संशोधन चालतं. मोठे साहेब परिषदांत भाषणं देतात, त्यांच्या हाताखालचे लोक यंत्रांवर जिवाणूंची कुळं शोधतात आणि मी फॉर्मवरची माहिती संगणकात भरतो. ज्या ऐवजावर, म्हणजे लोकांच्या शौचावर, हे सगळं शास्त्र उभं आहे, तो डब्यांत भरून घरोघरून आणायचं काम मात्र एकट्या डबीताईंकडे. साहजिकच सगळ्यांत कमी पगार त्यांचा.

नाव आम्हीच ठेवलेलं. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या बाई, खांद्याला बर्फाची पेटी. लोक त्यांना दारात पाहिलं की शेजारी ऐकतील म्हणून कुजबुजत बोलतात.

साहेबांचं म्हणणं असं, की एकत्र जेवणाऱ्या माणसांच्या पोटातले जिवाणूही एकसारखे होत जातात. त्याचा तब्येतीवर काय परिणाम होतो, हे दोन वर्षं पाहायचं. म्हणून फॉर्मवर प्रश्न होता, ‘घरात कोण कोण एकत्र जेवतं?’ घर क्रमांक सतराच्या सूनबाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘आम्ही पाचही जण, रोज.’ मी डोळे झाकून भरलं. आम्हा कर्मचाऱ्यांच्याही डब्या घेतल्या होत्या, नमुन्यात आमचं काही मिसळलं तर पकडता यावं म्हणून. साहेबांचा आमच्यावर तेवढा विश्वास आहे. डबीताई त्यात घर क्रमांक एकोणचाळीस, सदस्य एक.

दोन वर्षांनी निकाल आले. सतरा नंबरात नवरा, बायको आणि दोन मुलं यांचं छान जुळलं. आजोबांचं घरात कोणाशीच जुळेना. जुळलं ते थेट डबीताईंशी.

साहेबांनी लगेच निदान केलं, की बाईंनी कामचुकारपणा केला आणि आजोबांची डबी स्वतःच भरली. आयुष्यभर सूक्ष्म गोष्टी पाहिल्यावर माणसाला मोठं काही दिसेनासं होतं. महिनाअखेर डबीताईंचा करार संपत होता आणि नव्या कराराचा कागद साहेबांनी बाजूला ठेवला. डबीताईंचं उत्तर एवढंच, ‘डबी त्यांचीच आहे.’

मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. आजोबांचे हात थरथरतात, अन्न सांडतं, म्हणून त्यांचं ताट मागच्या खोलीत जातं. ताट वेगळं, पेला वेगळा. डबीताई दर मंगळवारी जातात. आजोबांना घाई करून चालत नाही, मग तिथेच बसून त्या आपला डबा उघडतात. एका चमच्याने एक घास त्यांना, एक स्वतःला. आजोबांनी बजावलं होतं, घरातलं बाहेर जाऊ देऊ नकोस.

मी म्हटलं, नोकरी जाईल, सांगून टाका.

“मला नोकरी दुसरी मिळेल,” त्या म्हणाल्या. “त्यांना त्याच घरात राहायचंय.”

माझं काही एवढं मोठं मन नाही. मी साहेबांना म्हटलं, एकदा घरी जाऊन खात्री तर करू. मंगळवारी आम्ही तिघे गेलो.

घर इतकं स्वच्छ, की जिवाणूने आत यायला परवानगी मागावी. सूनबाईंनी नाकाने कांदे सोलत सांगितलं, की त्यांच्याकडे वेगळं जेवायची पद्धतच नाही. त्या हे जेवणाच्या टेबलापाशी उभ्या राहून सांगत होत्या. टेबलाला खुर्च्या चार. मी मोजल्या. साहेबांनी मोजल्या नाहीत, तिथे सूक्ष्मदर्शक नव्हता. आजोबांचा मुलगा मोबाइलमध्ये तोंड खुपसून होता. ओठात एक, पोटात एक म्हणतात, आणि इथे पोटातलं तर छापील अहवालात आलं होतं.

आजोबांना बाहेर आणलं. साहेबांनी मोठ्याने विचारलं, “आजोबा, तुम्ही एकत्र जेवता ना?”

आजोबांनी मुलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मुलाने मान वर केली नाही. मग त्यांनी दाराशी पेटी घेऊन उभ्या असलेल्या डबीताईंकडे पाहिलं.

“जेवतो की,” ते म्हणाले.

सूनबाईंचा जीव भांड्यात पडला.

“दर मंगळवारी.”

सूनबाईंनी विचारलं, की फुकट तपासणीचा अहवाल मिळणार ना.

साहेब परतीच्या वाटेवर खूश होते, कारण त्यांचा सिद्धांत खरा ठरला होता. माफी वगैरे त्यांना सुचली नाही, पण करारावर सही झाली. सतरा नंबरात त्यांनी पाचचे चार करायला लावले. मी विचारलं, आजोबांना कुठे दाखवू? नमुना बेवारस ठेवता येत नाही.

“एकोणचाळीसमध्ये टाका,” साहेब म्हणाले आणि फोनवर बोलायला लागले.

मी टाकलं. घर क्रमांक एकोणचाळीस, सदस्य दोन. इतक्या वर्षांच्या कारकुनीत एखादा आकडा बदलताना असं बरं कधी वाटलं नव्हतं. डबीताईंनी पडद्यावर दोनदा वाचलं आणि विचारलं, “हे पुसलं तर नाही ना जाणार?”

नाही म्हटलं. आता त्या मंगळवारी मोठा डबा नेतात. चमचा अजून एकच आहे.