आतून कडी असलेलं कपाट

स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या लाखेचा वास आधी नाकाला झोंबतो आणि मग हळूहळू गोड वाटू लागतो. यंदाच्या वैशाखात तो आमच्या बेसा इथल्या घरभर दरवळत होता. बाहेर ऊन असं पेटलेलं, की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसू नये. दारं-खिडक्या बंद, कूलरची घरघर तेवढी अखंड. भर दुपारी चिंचेखाली जायचं नाही, असं लहानपणी आम्हाला बजावलेलं असे. रात्रीला माणसं उगीच नावं ठेवतात! अंधारात निदान काही दिसत नाही, याची खात्री तरी असते. लख्ख उजेडात, सगळं स्वच्छ दिसत असताना जे नुसतं जाणवतं, त्याचं काय करावं?

मी एका जुन्या सागवानी कपाटाचा रंग खरवडत होते. धरमपेठेतला एक बंगला पाडायला निघाला, आणि तिथलं सामान जुन्या फर्निचरच्या दुकानात आलं. त्यातलं हे दोन दारांचं कपाट. माणसाहून उंच, आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाकडी दांडी. मला ते शोभेसाठी नको होतं. रोजच्या साड्या, यजमानांचे शर्ट टांगायला हवं होतं. वरचा पिवळट ऑइलपेंट निघाला, खालचा हिरवा निघाला, आणि मग मधाच्या रंगाचं ते लाकूड असं उघडं पडलं, की क्षणभर मला संकोचच वाटला. कुणाच्या तरी अंगावरचं पांघरूण न विचारता ओढल्यासारखा.

आतला भाग घासायला मी वाकून शिरले, तेव्हा ती कडी दिसली. लहानशी पितळी, आडवी सरकणारी, आणि दाराच्या आतल्या बाजूला. तीही माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. मागच्या फळीला, तळाजवळ, बोट जाईल एवढी गोल भोकं नीट कोरून पाडलेली. आणि तळाची फळी मध्येच एका ठिकाणी इतकी गुळगुळीत, की तिथं पॉलिशची गरजच नव्हती.

"कपाटाले आतून कडी काहून लावली असन वं?" यजमानांनी विचारलं. हे आयुष्यभर यंत्रं दुरुस्त करत आले. कारणावाचून काही घडतं यावर त्यांचा विश्वास नाही. पण त्या वेळी त्यांना कारण सुचलं नाही, आणि मला जे सुचलं ते मी बोलले नाही. मुलांना कपाटात कोंडणारी माणसं असतात, हे ऐकलं होतं. पण कोंडणारा कडी बाहेरून लावतो. आतून कडी कोण लावतं? जो लपतो तो! मग तो कुणापासून लपत होता?

पॉलिश वाळलं, कडीला तेल दिलं, कपडे टांगले. कपाट भिंतीशी असं शोभून दिसू लागलं, की पाहणाऱ्याला ते मूळचं आमचंच वाटावं. आणि मग एका दुपारी ते उघडेना.

मी ओढलं, यांनी ओढलं. दोन्ही दारं एकमेकांना घट्ट धरून होती. शेवटी कपाट पुढे सरकवून यांनी मागची एक फळी उकलली, हात घालून चाचपलं आणि म्हणाले, "कडी लागली आहे."

त्यांनी ती सरकवली. दारं उघडली. आत अर्थातच कुणी नव्हतं. फक्त सगळे कपडे, माझ्या साड्या आणि त्यांचे शर्ट, दांडीच्या डाव्या टोकाला दाटीनं सरकले होते, आणि उजवीकडे जागा मोकळी झाली होती.

"फरशीले उतार आहे," हे म्हणाले. "कडीले तू तेल देल्लं. सरकली असन."

"कडी उजवीकडे सरकली," मी म्हटलं. "कपडे डावीकडे. उतार दोन्हीकडे कसा असेल?"

 हे पाणी प्यायले आणि कूलरसमोर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराला फोन केला. त्या बंगल्यातली थोरली मुलगी, सुमनताई, हुडकेश्वरला आपल्या मुलाकडे राहते, असं त्याच्याकडून कळलं. मी तिला फोन करून नुसतं एवढंच म्हटलं, की तुमचं कपाट आमच्याकडे आहे.  ती म्हणाली, "मी येऊन पाहू का?"

ती आली. सत्तरी ओलांडलेली, बारीक चणीची, डोक्यावर ओला पंचा घेतलेली. आल्यावर तिनं यांनी पुढे केलेलं पाणीसुद्धा घेतलं नाही. कपाटासमोर खाली बसली, उघड्या दारातून आत हात घातला आणि न पाहता बोटं नेमकी त्या भोकांवर नेली.

"हे आमच्या कुंदीचं घर," ती म्हणाली.

कुंदा ही तिची धाकटी बहीण. बंगल्यात सदा माणसांचा राबता, जेवणावळी, हसणं, भांडणं. आणि या पोरीला आवाज सहन होत नसे. गोंगाट वाढला की ती कानांवर हात घेऊन किंचाळे, आणि कुठेच सापडली नाही की या कपाटात सापडे. लोक म्हणत, बाहेरचं काही लागलं आहे, उतारा करा.

"बाबानं कोणाचं आयकलं नाही," सुमनताई म्हणाली. "सुताराले बोलावलं, भोकं पाडून घेतले, कडी बसवली. म्हणे, पोरीले आत जावंसं वाटते, तर दारही तिलेच लावता आलं पाहिजे. आमाले ताकीद होती. दार ओढाचं नाही. टकटक करायची. तिनं आतून वाजवलं तर ती दार उघडेपर्यंत थांबाचं, नाही तं वापस फिराचं."

"आता कुठे असतात त्या?" मी विचारलं; विचारताना उत्तर ठाऊक झालं होतं.

"अकराची होती. तापात गेली. शेवटी शेवटी एकच म्हणे, मले कपाटात नेऊन ठेवा. दवाखान्यातून कसं आणावं तिले?"

तेव्हा मी तिला कपड्यांची हकिगत सांगितली. तिनं शांतपणे विचारलं, "कोणत्या बाजूनं सरकले?"

"डावीकडे."

"हं," ती म्हणाली. "उजवीकडे बसे कुंदी."

तेवढ्यात वीज गेली. कूलर थांबला आणि भर दुपारची ती निःशब्दता आमच्यावर उतरली. सुमनताईनं दार लोटलं आणि बोटाच्या पेरानं त्यावर दोनदा टकटक केली, अगदी हलके, झोपलेल्याला जागं करायचं की नाही हे ठरत नसल्यासारखी. आम्ही तिघंही कान देऊन ऐकत होतो. उन्हानं तापलेलं लाकूड तडकतं, हे मला ठाऊक आहे. यांनाही ठाऊक आहे. पण आतून 'टक्' असा एक बारीक आवाज आला, तेव्हा आम्हा दोघांपैकी कुणीच ते म्हटलं नाही.

सुमनताई हसली. डोळे भरले होते, पण ती हसली.

ती निघाली तेव्हा यांच्या हातात पेचकस होता. "ताई, थे कडी काढून टाकू का?"

"कपाट तुमचं हाय, भाऊ," चपला घालत ती म्हणाली. "पण काढाची असन तं आधी तिले विचारा."

पेचकस परत डब्यात गेला. आता कपडे डाव्या अर्ध्या भागात मावतात तेवढेच टांगते. उरलेले ट्रंकेत ठेवते. माझ्या भयाचं काय झालं, ते मलाच नीट सांगता येत नाही. गेलं असं नाही. घरात एखादी अबोल पोर राहायला यावी आणि तिच्या सवयींप्रमाणे आपण आवाज खाली आणावा, तसं काहीसं झालं आहे. आमचा टीव्ही हल्ली हळू असतो. मोठ्यानं बोलणं नकळत कमी झालं आहे.

परवा जेवणानंतर मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर यजमान कपाटासमोर उभे. बाहेर जायचं होतं, शर्ट हवा होता. मी आले आहे, हे त्यांना कळलं नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दारावर दोनदा टकटक केली आणि थांबले. बराच वेळ थांबले. मग, आतून कुणीतरी हो म्हटल्यासारखं, हलकेच दार उघडलं.